आवाज न करणारा चाकू

जेरोचा चाकू अक्रोड फोडताना मोडला. अक्रोड काही फार कठीण नव्हता, चाकूच म्हातारा झाला होता. इतक्या वर्षांत धार लावून लावून पातं निम्मं झिजलेलं, शिंगाची मूठ तळहाताला घासून गुळगुळीत झालेली. मुठीतली पोलादी कमान मधोमध तुटली आणि पातं लुळं पडून लोंबायला लागलं. जेरोनं ते दोन-चारदा उघडमीट करून पाहिलं, मग टेबलाच्या कडेला ठेवून दिलं आणि त्या दिवशीचा पाव हातानं तोडून खाल्ला.

आता आमच्या कांतालच्या पठारावर बाप्यानं हातानं पाव तोडून खायचा म्हणजे अगदीच झालं. इथला माणूस टोपी विसरेल, एखादा बायकोलासुद्धा बाजारात विसरून घरी येईल, पण त्याच्या खिशात चाकू नाही असं व्हायचं नाही. पाव कापायला चाकू, चीज कापायला चाकू, गाईच्या खुरातला खडा काढायला चाकू, आणि पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं तर नखं कोरायलाही तोच. टेबलावर बायका चमचे मांडतात, सुऱ्या मांडत नाहीत. ज्याची त्यानं खिशातून काढायची. दुसऱ्याचा मागायचा म्हणजे दुसऱ्याची विजार मागण्यासारखं.

आणि जेवण संपतं तेही चाकूवरच. घरचा मालक पावाच्या तुकड्यानं पातं पुसतो, तो तुकडा तोंडात टाकतो आणि चाकू मिटतो. खट्! संपलं जेवण. ज्याचं झालं त्याचं झालं, ज्याचं राहिलं त्याचं राहिलं. गड्यांनी बाकावरून उठायचं, बायकांनी ताटं उचलायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि त्यावर कुणी वादही घालत नाही.

जेरोनं उभा जन्म कूदेर्कांच्या वाडीवर गुरं राखण्यात काढला. पोरवयात लागला तो बाकाच्या शेवटच्या टोकाला बसला. वय वाढलं, मिशा पिकल्या, पण तो सरकला नाही, कारण वरचे गडी मरेनात आणि जे मेले त्यांच्या जागी मालकाचे पुतणे येऊन बसले. सुपाचं पातेलं मालकाच्या बाजूनं फिरायला लागायचं ते जेरोपाशी पोचेपर्यंत मालकाचं अर्धं जेवण झालेलं असायचं. म्हातारा कूदेर्क मनानं वाईट नव्हता, पण देवानं दात चावायला दिलेत ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तो गिळायचा, ढेकर द्यायचा आणि खट्! त्यामुळे जेरो कढत सूप न फुंकता प्यायला शिकला. एक डोळा ताटात आणि दोन्ही कान टेबलाच्या त्या टोकाला, असं त्याचं जेवण. कित्येकदा तोंडातला घास तोंडात ठेवूनच तो गोठ्याकडे चालू लागायचा.

म्हातारा कूदेर्क गेला. मुलानं दूध काढायचं यंत्र आणलं, जेरोचा हात हातात घेऊन दाबला आणि डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी देऊन त्याला मोकळा केला. तेव्हापासून जेरो गावात, चर्चच्या मागच्या एका खोलीत राहायला लागला. चूल त्याची, टेबल त्याचं, कुणाची घाई नाही. आता निवांत जेवेन असं त्याला वाटलं होतं. पण पहिल्या दिवशी त्यानं सूप नेहमीसारखंच घटाघटा ओढलं, पातं पुसलं, चाकू मिटला आणि खट् झाल्याबरोबर स्वतःच उठून उभा राहिला. मग जायचं कुठं, हे काही सुचेना. गोठा नाही, गुरं नाहीत. तो तसाच खिडकीशी जाऊन उभा राहिला. पुढंही रोज हेच. स्वतःच्याच चाकूच्या आवाजाला स्वतःच उठायचं आणि चौकात पाणी पिणाऱ्या दुसऱ्यांच्या गाई बघत राहायचं. एकटेपण फार वाईट, आणि त्यातही जेवायच्या वेळचं एकटेपण अगदी अंगावर येतं. जेरोच्याही ते अंगावर यायचं, पण बोलणार कुणाशी?

बोलण्यासारखं एकच माणूस होतं. देल्फीन.

देल्फीन कूदेर्कांकडे मोलकरीण होती. गाईंना जेरो आणि माणसांना देल्फीन, अशी त्या वाडीची वाटणी होती. तरुणपणी त्या दोघांचं जमेल असं सगळ्यांना वाटलं होतं, जेरोलाही. पण लग्न झालेले गडी कूदेर्क ठेवत नसे, आणि दुसरीकडे काम बघावं एवढी धमक जेरोत नव्हती. त्यातच वर्षं गेली. आता ती खालच्या अंगाला भाचीकडे, ओदीलकडे राहायची. ओदीलच्या नवऱ्यानं पॅरिसमध्ये कोळशाचं आणि दारूचं दुकान टाकलं होतं. आमच्या पठारावरची निम्मी माणसं तिकडं जाऊन हेच करतात. नोव्हेंबरात संत मार्टिनचा सण झाला की ओदील पोराला घेऊन नवऱ्याकडे जाणार होती आणि मावशीनंही यावं म्हणत होती. पोराला सांभाळायचं, पेले विसळायचे.

हे ऐकल्यापासून जेरोचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याच्या मनात काय आहे ते त्याच्याआधी गावाला कळलं. पाववाली त्याला पाव देताना म्हणायची, "काय जेरो, दोघांपुरता देऊ का?" आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून निघायचा. शेवटी एका रविवारी, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सुटल्यावर, त्यानं देल्फीनला हौदापाशी गाठलं.

"पुढच्या रविवारी काय करतेयस?"

"काय करणार? मिस्सा, मग ओदीलच्या पोराची लंगोटं."

"मग जेवायला ये."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"आणि रांधणार कोण?"

"मीच. नाहीतर काय पाद्रीबुवांना बोलावू?"

देल्फीन हसली. पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे हसताना ती तोंडावर हात घ्यायची. "काय रांधणारेस ते आधी सांग. म्हणजे घरून खाऊन यायचं की नाही ते ठरवते."

ती आली की तिला राहा म्हणायचं, एवढंच जेरोनं ठरवलं होतं. पॅरिसला जाऊ नकोस, माझ्याकडे राहा. पाद्रीबुवांसमोर उभं राहायचं तर राहू. चार शब्दांचं काम. पण जेरोला चार शब्द जुळवायला वेळ लागतो. गाईशी तो भरभर बोलतो, माणसापुढे त्याची गाडी चिखलात रुतते. म्हणून जेवण लांबायला हवं होतं. सूप, मग बटाटे, मग चीज, मग अक्रोड, आणि त्या सगळ्यात कुठंतरी त्याचे शब्द बाहेर पडले असते.

आणि नेमका चाकू मोडला. पाहुणीसमोर बिनचाकूचा बसणं तर शक्यच नव्हतं, पण नवा घ्यायचं मनात येताच त्याला दुसरीच धास्ती पडली. जेवून झालं की आपले हात आपोआप चाकू मिटतात, ते काही आपलं ऐकायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खट् झालं की देल्फीन उठणार. तीही त्याच घरात वाढलेली. ती एकदा उठली की विषय संपला. तेव्हा चाकू असा हवा की जो मिटला तरी आवाज करणार नाही. हे डोक्यात पक्कं करूनच तो गुरुवारच्या बाजाराला तालुक्याच्या गावी गेला.

चाकूवाली मादाम ग्राने दरवर्षी शरदातल्या गुरांच्या बाजारात दुकान मांडते. लाकडी फळीवर हिरवं कापड, त्यावर चाकू ओळीनं उघडून ठेवलेले. बाई अंगानं भारी आणि तोंडानं त्याहून भारी.

"या आजोबा, या. बघायला पैसे पडत नाहीत."

"आणि हातात धरायला?"

"धरायलाही नाही. खिशात घालून चालायला लागलात की मात्र पडतात."

तिनं सर्वांत आधी शिंगाच्या मुठीचा, पितळी टोकाचा चाकू उचलला आणि जेरोच्या कानाशी नेऊन मिटला. खट्! जेरो दचकून मागं सरला.

"ऐकलंत? याला म्हणतात कमान! हा आवाज ऐकून शेजारच्या गावातली माणसंसुद्धा जेवणावरून उठतील."

"तेच तर नकोय."

"काय नकोय?"

"आवाज. बिनआवाजाचा दाखवा."

मादाम ग्रानेनं कमरेवर हात ठेवले. "इतकी वर्षं चाकू विकतेय, पण मुका चाकू मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. कुणाच्या खुराड्यात शिरायचंय का?"

"नाही."

"मग बायकोची झोप मोडते?"

"बायको नाही."

"नाही? की अजून नाही?"

जेरोचे कान लाल झाले. बाईनं ते पाहिलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. फळीखालच्या खोक्यात हात घालून तिनं एक साधा चाकू काढला. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं, बस्स. "याला कमानच नाही, म्हणून हा बोलत नाही. पातं उघडायचं आणि कडं फिरवायचं, की ते अडकून बसतं. शाळेतली पोरं घेतात, रस्त्यावरचे मजूर घेतात. स्वस्त आहे. तुमच्या वयाला शोभायचा नाही, पण तुम्ही मुका मागितलात."

स्वस्त म्हटल्यावर जेरोला बरं वाटलं आणि संशयही आला. त्यानं चाकू घेतला आणि नीट पारखायला लागला. आधी मिटलेलाच मुठीत धरून हलवला, पातं आत खुळखुळत नव्हतं. मग उजेडाकडे धरून खाचेत एक डोळा लावून पाहिलं. पातं मधोमध बसलेलं, टोक आत नीट बुडालेलं, म्हणजे खिसा फाटायची भीती नाही. उघडताना त्याचं नख घसरलं, कारण ते गाईनं तुडवल्यापासून दुभंगलेलंच होतं, पण दुसऱ्या खेपेला पातं सरळ आलं. उघडं पातं त्यानं अंगठ्यानं डावीउजवीकडे रेटलं. किंचित हललं, फार नाही. अंगठ्याच्या नखावर टेकवून वाकवलं, तर वाकून परत सरळ झालं. घरून येताना त्यानं खिशात एक शिळा पावाचा कडक तुकडा आणि विलोच्या झाडाची काडी आणली होती. काडी त्यानं तिरकी तासली. पावाचा चुरा न होता काप निघाला.

"हे काळं पडेल," पात्याकडे बघत तो म्हणाला.

"पडेलच. सफरचंद कापलंत की लगेच. न गंजणारं हवं तर हे बघा, पण ते महाग आहे आणि त्याला धार लावताना तुमचा जन्म जाईल."

"काळं पडू दे."

एवढ्यावर भागलं नाही. तो चाकू घेऊन समोरच्या हौदापाशी गेला आणि मूठ पाण्यात बुडवून धरली. बाई तिथूनच ओरडली, "अहो, मासा आहे का तो?" त्यानं ती आणखी खोल बुडवली. थोड्या वेळानं परत आला तेव्हा लाकूड फुगून पातं आवळलं गेलं होतं. मिटायला जोर लागत होता.

"भिजला की अडतो," तो म्हणाला.

"मग भिजवू नका! चाकू सुपात बुडवून खाता की काय? अडला तर मुठीचं बूड टाचेवर आपटा, सुटतो. आणि घरी जाऊन सांध्यात चरबी चोळा, लोण्यासारखा चालेल."

जेरोनं चाकू एकदा स्वतःच्या कानाशी धरून मिटला. लाकडात पातं शिरल्याची नुसती एक घासल्यासारखी चाहूल. पुन्हा मिटला. तेवढंच. तो इतका खूश झाला की घासाघीस न करता त्यानं पैसे दिले. ते मात्र बाईला फारच लागलं, आणि तिनं आपणहून किंमत थोडी उतरवली.

शुक्रवार-शनिवार त्यानं चाकू खिशात वागवला. जुन्याला वजन होतं, हा इतका हलका की आहे की पडला हे बघायला तो सारखा मांडीवर थाप मारायचा. गोल मूठ ओल्या हातात फिरायची, तेव्हा त्यानं ती एका बाजूनं जरा तासून सपाट केली. कडं घट्ट होतं, थंडीत अंगठा दुखायचा. पण दगडावर चार हात मारले की धार यायची. सफरचंदानं पातं काळं-निळं पडलं आणि त्यामुळे चाकू आपला वाटायला लागला. पाहुणीसमोर चाकूशी झटापट नको म्हणून त्यानं सांध्यात चरबीही चोळली. आता तो बोटाच्या नुसत्या रेट्यानं, अजिबात आवाज न करता मिटत होता. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती.

रविवारी मिस्सानंतर देल्फीन आली. काळा झगा, धुतलेला रुमाल डोक्याला, हातात ओदीलच्या झाडाची चार पेअर. जेरोनं टेबल गुरांच्या खराऱ्यानं घासून काढलं होतं. दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक शेजारून मागून आणलेली. देल्फीननं सूप वाढून घेतलं आणि ताट हातात धरून चुलीशी जाऊन उभी राहिली.

"हे काय?" जेरो म्हणाला.

"काय?"

"खुर्ची कशाला मांडलीय? मांजराला?"

"अगं बाई." तिनं खुर्चीकडे पाहिलं. "सवय. उभ्यानं जेवल्याशिवाय मला अन्न खाली उतरल्यासारखंच वाटत नाही."

"बसून बघ. उतरतं."

ती बसली. कडेला, आडवी, कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं अशी. पण सूप गरम होतं, त्यात जेरोनं इथल्या रीतीप्रमाणे आपल्या हातानं लाल वाइन ओतली, आणि बटाटे येईपर्यंत ती खुर्चीत मागं टेकली होती. बटाट्याच्या काचऱ्या चरबीत परतून त्यात ताजं चीज घोळलेलं. चीजची तार पातेल्यापासून ताटापर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "हे तू केलंस? मग इतकी वर्षं कूदेर्कांनी मला कशाला ठेवलं होतं?"

"त्यांना शिव्या घालायला कुणीतरी हवं होतं."

"त्याला तू होतास की."

ती हसली, आणि हसताना तोंडावर हात न्यायचा विसरली. जेरोला इतकं बरं वाटलं की त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तो सावकाश जेवत होता, आयुष्यात पहिल्यांदाच. मालकाच्या कुत्र्यानं पाद्रीबुवांची टोपी पळवली होती ती गोष्ट निघाली. रूसोत नावाच्या लाल गाईची निघाली, जी देल्फीनला पाहिलं की मुद्दाम बादलीत पाय घालायची. चीज आलं. देल्फीनकडे चाकू नव्हता, बायका ठेवत नाहीत. जेरोनं आपला चाकू टेबलावर तिच्याकडे सरकवला. तिनं चीजचा काप काढला, पातं बोटावर आडवं धरून पाहिलं.

"नवा?"

"बाजारातून घेतला. स्वस्तातला."

"पण चांगलाय. हलका. बायकांच्या खिशातही मावेल." तिनं तो परत सरकवला.

मग ती पॅरिसबद्दल बोलायला लागली. ओदीलच्या तिथल्या खोलीत म्हणे नळ फिरवला की गॅस येतो, आणि खिडकीतून समोरची भिंत दिसते. "भिंत बघून काय करायचं गं, म्हटलं मी तिला. तर म्हणते, मावशी, तुला खिडकीशी बसायला वेळ कुठं मिळणारेय." जेरोनं सोलून दिलेल्या पेअरची साल ती बोटानं टेबलावर पसरत राहिली. "जायलाच हवं असं काही नाही म्हणा. ओदील दुसरी बाईही बघू शकते. अजून मी तिला हो म्हटलेलं नाही."

जेरोला कळलं. इतकंही कळू नये इतका तो काही भोळा नव्हता. तिनं दार उघडून धरलं होतं आणि आता त्यानं फक्त आत पाऊल टाकायचं होतं. राहा म्हणायचं. राहा. शब्द जिभेपर्यंत आला, तिथं अडला, आणि तो सुटा करण्यासाठी त्यानं मान खाली घातली. समोर चाकू पडला होता. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून हातांनी पाव घेतला, पातं पुसलं, तो तुकडा तोंडात टाकला आणि चाकू मिटला.

जराही आवाज झाला नाही. तेवढ्यात त्याच्या मनात येऊनही गेलं, की वा, पैसे वसूल. त्यानं घास गिळला, धीर केला आणि मान वर केली.

देल्फीन उभी होती. दोन्ही ताटं तिच्या हातात होती, एकावर एक, चमचे वर.

"अगं, उठलीस का?"

"झालं ना."

"कुठं झालं? अक्रोड आहेत अजून. बस."

"नको, पोट भरलं." ती ताटं घेऊन मोरीकडे गेली. सांडलेला चुरा तळहातानं गोळा केला. सगळं भराभर, पाठ त्याच्याकडे करून.

"पण आवाज तर झाला नाही," जेरो म्हणाला. आपण हे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

"कसला आवाज?"

"चाकूचा."

"मला कुठं ऐकू यायचा आवाज?" ती ताट विसळत म्हणाली. "तू होतास बाकाच्या टोकाला. मी चुलीशी. तिथं कढईचा तडतडाट, वर कुत्र्याचं भुंकणं. मी आपली मालकांच्या हातांकडे बघत उभी राहायची. हात मिटले की ताटं उचलायची."

जेरो खुर्चीतच बसून राहिला. इतका चाकू पारखला, पाण्यात बुडवून पाहिला, कानाशी धरून मिटून पाहिला, पण सगळं आपल्या कानानं. समोरचं माणूस जन्मभर कसं जेवलं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच घरात, एका छपराखाली, त्याची पाठ नेहमी चुलीकडे असायची.

तिनं ताटं पुसून फळीवर लावली, फडकं पिळून दोरीवर टाकलं, रुमालाची गाठ घट्ट केली. जेरो उठला. अजून वेळ गेलेली नव्हती. ती दारापर्यंत जायची होती, आणि शब्द आता खरोखरच सुटा झाला होता. तो तिच्याजवळ गेला.

"देल्फीन."

ती वळली. दोन्ही हात पोटाशी जुळलेले, मान किंचित खाली. "जेवण छान झालं, मालक," ती म्हणाली.

दोघांनीही ते ऐकलं. देल्फीननं तोंडावर हात नेला आणि हसली. "बघ, जीभ कशी वळली! तुला म्हटलं मी मालक!" जेरोही हसला, हसायलाच हवं होतं. पण हसून झाल्यावर ती तशीच उभी होती, हात पोटाशी, त्याच्या बोलण्याची वाट बघत. असं उभं राहून वाट बघताना त्यानं तिला हजारदा पाहिलं होतं, आणि म्हाताऱ्या कूदेर्कनं त्या वेळी काहीही सांगितलं तरी ती काय म्हणायची तेही त्याला ठाऊक होतं. लाकडं आण. बरं. सुट्टी नाही. बरं. आजारी आहेस तरी उठ. बरं. आता त्यानं राहा म्हटलं असतं तर ती त्याच तोंडानं बरं म्हणाली असती, आणि ते तिच्या मनातलं की तिच्या सवयीतलं हे त्याला मरेपर्यंत कळलं नसतं. कदाचित तिलाही नसतं.

बाहेर गार वारा सुटला होता. चौकातून खालच्या अंगाला जाणारी वाट दगडांची आणि निसरडी आहे, पानं पडली की फारच.

"सांभाळून जा," जेरो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.